थंड चाक

परसरामजींनी जीपच्या चाकाला हात लावला तो निव्वळ सवयीनं. जवाहरनगरच्या कारखान्यात, वाहन विभागात, त्यांनी चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. ट्रक असो की कामगारांची बस, गाडी फेरी मारून आली की चारही चाकांच्या मध्यावर तळहात टेकवून पाहायचा. ब्रेक नीट लागत असतील तर समोरची दोन चाकं सारखी तापतात, मागची दोन सारखी तापतात. जोडीतलं एखादं थंडगार लागलं तर समजायचं, तिथं ब्रेक नाहीच.

ऑगस्टमधली संध्याकाळ होती. हिरडाटोलीच्या फाट्यावर केशवरावांची काळी-पिवळी जीप थांबली आणि तिच्यातून सोळा माणसं उतरली. त्यांत परसरामजींची सून रत्नमाला होती. लाखांदूरच्या एका खाजगी दवाखान्यात ती नर्स होती. मुलगा सुगत पुण्याला कंपनीत होता. निवृत्तीनंतर परसरामजी गावी परतले तेव्हापासून सासरा-सून दोघंच घरात. पाऊस असला की ते छत्री घेऊन तिला घ्यायला फाट्यावर येत.

त्यांनी वाकून हात लावला. उजवं पुढचं चाक इतकं तापलं होतं की हात ठेववेना. मागची दोन्ही कोमट. डावं पुढचं चाक मात्र ओल्या दगडासारखं थंड.

"इश्वर," त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली. "खाली उतर गा."

इश्वर तिशीतला, गावातलाच. दोन एकर धानाची शेती आणि वरून ही ड्रायव्हरकी. दारू नाही, तंबाखू नाही, मंगळवारचा उपास. तो खाली उतरला, परसरामजींचा हात कुठं आहे ते त्यानं पाहिलं आणि काही न विचारताच त्याची मान खाली गेली.

"काकाजी, थ्या चाकाचा ब्रेक बंद करून ठेवला हाये."

"बंद करून म्हंजे?"

"तेल गळत होतं. पूर्ण ब्रेकच बसून जाये. तं मिस्त्रीनं थ्या चाकाचा पाइप दाबून टाकला. आता तेल गळत नाई. तीन चाकं धरतेत."

"अन् जोरात ब्रेक मारला तं?"

इश्वर रस्त्याकडे बघत म्हणाला, "गाडी उजवीकडं ओढते. मले सवय झाली हाये. मी स्टेरिंग डावीकडं दाबून धरतो."

कारखान्यात अशी गाडी फाटकाबाहेर जाऊ देणाऱ्याची त्याच दिवशी चौकशी लागली असती. त्यांनी टायर पाहिले. नक्षी पार गेलेली, एका ठिकाणी आतले धागे दिसत होते.

"हे असे टायर पाहून गाडी पास कशी झाली?"

इश्वर कसनुसा हसला. "पासिंगचे टायर वेगळे हायेत जी. मालकाच्या गोदामात एक नवा जोड ठेवला हाये. चारही जीपांले तोच. पासिंगच्या दिवशी लावाचा, घरी आलो का काढून ठेवाचा."

घरी जाताना रत्नमाला म्हणाली, "मामाजी, तुमी आत्ता पायलं. आमी बसणारे तं तिले तीनचाकीच म्हणतो."

ती हसून म्हणाली होती. परसरामजींना हसू आलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी ते लाखांदूरला केशवरावांकडे गेले. केशवरावांच्या चार जीपा चालत. पांढरा स्वच्छ सदरा, कपाळावर गंध, बोलणं गोड. त्यांनी परसरामजींना खुर्ची दिली, चहा मागवला, कारखान्यातली पेन्शन, पुण्याचा मुलगा, सगळ्याची विचारपूस केली. मग चाकाची गोष्ट ऐकून घेतली.

"परसरामजी, तुमचा कारखाना सरकारी. तिथं एका नटासाठी तीन सह्या. आमचं तसं नाई जी. आता हंगाम हाये, गाडी उभी केली तं लोकायचेच हाल. दिवाळीनंतर पाहू."

"दिवाळीले अडीच महिने हायेत."

"तीन चाकं धरतेत ना? सायकलले तं दोनच असतेत." केशवराव स्वतःच्याच बोलण्यावर मोकळेपणानं हसले. "अन् खरं सांगू का, ब्रेक नवा टाकून तरी काय होते? थ्या रस्त्यावर महिनाभरात सगळं ढिलं होते. रस्ता पायला ना तुमी?"

रस्ता परसरामजींनी पाहिला होता. हिरडाटोली ते लाखांदूर. दोन वर्षांपूर्वी नारळ फोडून, फलक लावून तो नवा केला होता. डांबर इतकं पातळ की पहिल्याच पावसाळ्यात भाकरीचा पापुद्रा निघावा तसं निघून आलं. मग रेतीचे टिप्पर त्यावरून धावू लागले आणि जे उरलं होतं तेही गेलं. आता डांबराची बेटं आणि मध्ये गढूळ पाण्याची डबकी. कोणतं डबकं चार बोटं खोल आणि कोणतं गुडघाभर, हे त्यात पडल्याशिवाय कळायचं नाही. फलक मात्र शाबूत होता. कामाचं नाव, लांबी आणि 'दर्जेदार रस्ता' हे शब्द ठळक दिसत.

बोलणं तिथंच संपलं. परसरामजींनी चहा संपवला आणि ते उठले. हा चहा पुढं त्यांना पुष्कळ दिवस आठवत राहिला. तो आपण प्यालो, 'बरं, येतो' म्हणालो आणि आलो, याचीच त्यांना शिसारी यायची.

घरी येऊन त्यांनी पोलीस ठाण्याच्या नावे अर्ज लिहिला. गाडीचा नंबर, दाबलेला पाइप, टायर, सगळं मुद्देसूद. तो लिहिल्याचं रत्नमालेकडून इश्वरला कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळी तो दारात येऊन उभा राहिला.

"काकाजी, अर्ज देऊ नका. गाडी बंद होईन. मालकाले समजन का मीच सांगतलो. मले कोन ठेवन मंग?"

"अन् काही झालं तं?"

"मी हावो ना. मी हळू चालवतो. तुमची सून बसते माह्या गाडीत, मले काय कळत नाई का?"

परसरामजींनी त्याच्याकडे पाहिलं. खरा माणूस होता. त्याच्यावर विश्वास ठेवावा असाच. त्यांनी अर्जाची घडी केली आणि कपाटात ठेवून दिली. रत्नमाला दुसऱ्या सकाळी त्याच जीपनं कामावर गेली. तिची ड्यूटी आठची, एसटी यायची दहाला. दुसरा उपाय नव्हता, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

*

तीन आठवड्यांनी, सप्टेंबरच्या एका गुरुवारी, सकाळी साडेसातच्या सुमारास जीप उलटली.

काय झालं ते रत्नमालेनं पुढं पोलिसांना सांगितलं, कोर्टातही सांगितलं, आणि दर वेळी ते तसंच होतं. जीपमध्ये इश्वर धरून सतरा माणसं होती. ती मधल्या बाकावर होती. तिच्या शेजारी तुळसाबाई, भाजीची टोपली मांडीवर घेतलेली. नहराच्या पुलाच्या अलीकडे मोठं डबकं होतं. समोरून येणारा मोटारसायकलवाला ते चुकवण्यासाठी एकाएकी जीपच्या बाजूला आला. इश्वरनं ब्रेक दाबला. गाडी फार वेगात नव्हती. पण समोरचं एकच चाक धरलं आणि जीप उजवीकडे ओढली गेली. इश्वर "ए ए ए" करत स्टेरिंगवर पूर्ण अंगानं डावीकडे लोंबकळला होता, हे तिनं पाहिलं. मग पुढचं चाक त्या डबक्यात गेलं, काहीतरी मोडल्याचा आवाज झाला आणि जीप मोहाच्या झाडावर जाऊन आडवी पडली.

मोटारसायकलवाल्याला खरचटलंही नाही. इश्वर जागीच गेला.

परसरामजी पोचले तेव्हा लोकांनी जखमींना बाहेर काढून रस्त्याच्या कडेला ठेवलं होतं. टोपलीतली वांगी चिखलात सगळीकडे पसरली होती आणि कोणीतरी, एवढ्यातही, ती वेचत होतं. रत्नमाला शुद्धीवर होती. उजवा हात मनगटापासून वेडावाकडा, कमरेखाली हलता येत नव्हतं.

"मामाजी, तुळसाबाईले पहा आधी," ती म्हणाली. "तिच्या पोटात लागलं हाये."

लाखांदूरहून दोघींना भंडाऱ्याला हलवायला सांगितलं. अँब्युलन्समध्ये परसरामजी मध्ये बसले होते. तालुका ओलांडेपर्यंतचा रस्ता तसलाच. ड्रायव्हर बिचारा चालण्याच्या वेगानं गाडी नेत होता, तरी प्रत्येक खड्ड्याला रत्नमालेच्या तोंडून जो आवाज निघत होता तो माणसाचा वाटत नव्हता. तिच्या कमरेचं हाड मोडलं होतं, हे नंतर कळलं. तुळसाबाई आवाज करत नव्हती. ती खड्ड्यांबरोबर नुसती हलत होती. अर्ध्या वाटेत केव्हातरी ती फक्त खड्ड्यांमुळेच हलते आहे, हे परसरामजींच्या लक्षात आलं. त्यांनी तिच्या नाकाशी हात धरला आणि रत्नमालेला काही सांगितलं नाही.

त्यांना रडू आलं नाही. पोटातून काहीतरी वर आलं, आंबट आणि कडू, आणि ते गिळत ते भंडाऱ्यापर्यंत बसले.

*

सुगत पुण्याहून निघाला होता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला आणि परसरामजी गावी परतले, कारण ठाण्यातून निरोप आला होता. पंचनाम्याला गावातला एक जबाबदार माणूस पाहिजे, निवृत्त सरकारी नोकर असला तर बरं.

जागेवर अंकुश जमादार होते. पन्नाशीचे, थकलेले, हातात पॅड. सोबत एक शिपाई, दहा-वीस गावकरी. जीप अजून मोहाला टेकून पडलेली होती. सहीसाठी पुढं केलेला कागद परसरामजींनी चष्मा लावून वाचला. 'रस्ता डांबरी, सरळ व सुस्थितीत. चालक इश्वर याने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने व भरधाव वेगाने चालवून...'

"सुस्थितीत?" त्यांनी मान वर केली आणि पुलाकडे पाहिलं.

डबकं नव्हतं. तिथं लाल मुरूम पडला होता, वरून चोपून सपाट केलेला. ट्रॅक्टरच्या चाकांचे ताजे ठसे होते.

"हे कवा केलं?"

गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "पहाटंच ठेकेदाराचा ट्रॅक्टर आला होता जी. दोन वर्षं बोंबललो तवा एक घमेलं नाई टाकलं. दोन माणसं मेले तं सूर्य उगवायच्या आधी आला."

"जमादार साहेब, काल इथं काय होतं ते तुमी पायलं का नाई?"

"काल मी दवाखान्यात होतो काकाजी. पंचनामा आज होऊन राहिला. आज जे दिसते ते लिवाव लागते."

परसरामजींनी कागद परत दिला. मग धोतर सावरून ते जीपखाली शिरले. शिपाई 'अहो, अहो' करत राहिला. खाली डिझेल, सांडलेलं ब्रेकचं तेल आणि वाळलेल्या रक्ताचा मिळून एक वास होता. एका दिवसातच त्यावर माश्या बसल्या होत्या. डाव्या चाकाकडे जाणारा पाइप त्यांना लगेच सापडला. दुमडून, हातोडीनं ठोकून चपटा केलेला. त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. दुमडलेल्या जागी गंज चढलेला होता, म्हणजे काम महिन्यांपूर्वीचं होतं. चौतीस वर्षांत त्यांनी तुटकी, जळालेली, पिचलेली सगळ्या प्रकारची वाहनं पाहिली होती. पण असं घाणेरडं काम पाहिलं नव्हतं. ज्यानं केलं त्यानं नंतर हात धुतले असतील आणि जेवला असेल.

ते बाहेर आले. "इथं या. सगळे या. मोबाइल कोनाजवळ हाये?"

इश्वरचा धाकटा भाऊ निकेश पुढं आला. रात्रभर रडून त्याचे डोळे सुजले होते. त्यानं खाली झोपून फोटो काढले.

तेवढ्यात मागून केशवरावांच्या माणसांपैकी कोणीतरी म्हणालं, "पाइपाचं काय घेऊन बसले? ड्रायव्हर सकाळीच पेला होता म्हणतेत."

"कोन म्हणते?"

बाई होती. लोक बाजूला झाले. इश्वरची बायको धुरपता. आदल्या संध्याकाळीच त्याला अग्नी दिला होता. तिला इथं कोणी आणलं, का ती एकटीच चालत आली, कोणाला ठाऊक नव्हतं. कपाळ उघडं, पदर कमरेला खोचलेला.

"कोन म्हणते थो पेला होता? समोर ये अन् म्हण. दह्याभाताचा डब्बा देऊन मी पाठवलो त्याले. सात वाजता. तोंडाचा वास मले येत नाई का?"

समोर कोणी आलं नाही.

जमादार समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, तुमी घरी जा. रिपोर्टात येईन सगळं."

धुरपता घरी गेली नाही. एका गावकऱ्याच्या खांद्यावर फावडं होतं, तो तसाच शेतातून आला होता. तिनं ते त्याच्या हातून काढून घेतलं आणि मुरूम टाकलेल्या जागी जाऊन पहिला घाव घातला.

"अहो, जागा बिघडवू नका!" शिपाई धावला.

परसरामजी मध्ये उभे राहिले. "जागा रातीच बिघडवली हाये. ती नीट करून राहिली."

तिनं दहा-बारा घमेली मुरूम उपसला. मग तिला धाप लागली आणि निकेशनं फावडं घेतलं. मुरमाखाली चिखल, चिखलाखाली पाणी, आणि पाण्यात जीपच्या पुढच्या चाकाचा मोडलेला तुकडा. परसरामजींनी खिशातून स्टीलची पट्टी काढली. ती बारा इंची होती, आणि पाण्याच्या तळाशी टेकवली तेव्हा फक्त तिचं टोक वर राहिलं.

"अकरा इंच," ते म्हणाले. "लिवा, जमादार साहेब."

अंकुश जमादारांनी खड्ड्यात वाकून पाहिलं. त्यांनीही हा रस्ता रोज तुडवला होता. शेवटी त्यांनी जुना कागद पॅडच्या खाली सरकवला आणि नवा वर घेतला.

"मी लिवतो. खड्डा, मुरूम, पाइप, सगळं लिवतो. पण वरती काय होईन ते मी नाई सांगू शकत काकाजी."

त्या कागदावर परसरामजींनी सही केली.

*

वरती काय झालं ते हळूहळू कळत गेलं. वाहनाच्या तपासणीचा अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, 'डाव्या पुढील चाकाचा ब्रेक पाइप अपघाताच्या आघाताने चपटा झालेला आहे.' आघातानं पाइप चपटा झाला, आणि मग त्यानं स्वतःभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून घेतली! परसरामजींनी ते वाक्य तीनदा वाचलं आणि कागद टेबलावर पालथा ठेवला. निकेशचे फोटो, गंजाची खूण, पंचनाम्याची प्रत, सगळं जोडून त्यांनी नवा अर्ज लिहिला. मग आणखी एक. एका कचेरीत सांगत, ही बाब दुसरीकडची. दुसरीकडे सांगत, साहेब दौऱ्यावर आहेत. जिन्यांवरच्या कोपऱ्यांत पानाच्या पिचकाऱ्या, आणि त्या पिचकाऱ्यांवर 'येथे थुंकू नये'. परसरामजी तिथून वर चढत आणि खाली उतरत.

पोस्टमार्टेमनं दारूची गोष्ट खोटी ठरवली. एवढं एक झालं.

रत्नमाला चार महिने बिछान्यावर होती. कमरेचं हाड जुळलं, मनगट जुळलं नाही. उजव्या हाताची मूठ पुरती मिटेना. सुई धरता येत नाही ती नर्स काय कामाची, असं दवाखान्यानं शब्दांत सांगितलं नाही, पण नवी मुलगी ठेवली.

एके दिवशी ती अंगणात हातानं चेंडू दाबायचा व्यायाम करत होती. परसरामजी समोर येऊन बसले.

"बाई, मले माहीत होतं," ते म्हणाले. "तीन आठवडे आधी माहीत होतं. अर्ज लिवून कपाटात ठेवला. अन् तुले त्याच गाडीत बसवत राहिलो."

रत्नमालेनं चेंडू दाबणं थांबवलं नाही. "मले बी माहीतच होतं मामाजी. सगळ्यायले माहीत होतं. आमी हासत होतो."

धुरपतेलाही त्यांनी सांगितलं, तिच्या घरी जाऊन, ओसरीवर बसून. ती तांदूळ निवडत होती.

"तुमीच एकटे नाई जी," ती सुपात पाहत म्हणाली. "थो रोज रातच्याला सांगे. आज गाडी अशी ओढली, आज तशी ओढली. मी म्हणो, सांभाळून चालवा. अन् सकाळी डब्बा देऊन पाठवो." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "मले माह्या हाताची घीण येते, काकाजी. त्याच हातानं डब्बा भरलो मी."

परतताना त्यांना वाटलं, घाण ज्यांनी केली त्यांना किळस येत नाही आणि आपल्याला येते, हा कुठला न्याय?

*

खटला उभा राहायला तीन वर्षं लागली. परसरामजींच्या अर्जांमुळे दोषारोपात मेलेल्या इश्वरसोबत केशवरावांचंही नाव आलं होतं. ठेकेदाराचं नाव कुठंच नव्हतं. मधल्या काळात ती जीप सोडवली गेली, डेंटिंग होऊन, नवा रंग मारून रस्त्यावर आली. आपण कशात बसतो आहोत हे लोकांना ठाऊक होतं. फाट्यावर परसरामजी दिसले की ते दुसरीकडे बघत आणि बसत.

साक्षीच्या आदल्या दिवशी सरकारी वकील त्यांना म्हणाले, "आधीपासून माहीत होतं, हे तुम्ही आपणहून सांगू नका. दुसरी बाजू त्याचाच फायदा घेईल."

"खरं हाय ते सांगीन," परसरामजी म्हणाले.

सांगितलं. थंड चाक, केशवरावांचा चहा, दिवाळीनंतरचा वायदा, कपाटातला अर्ज. केशवरावांचा वकील तरुण होता, चलाख. तो सावकाश उठला.

"म्हणजे गाडी धोकादायक आहे हे तुम्हाला, एका अनुभवी तपासनिसाला, माहीत होतं?"

"व्हय."

"तरी तुम्ही पोलिसांकडे गेला नाहीत?"

"नाई गेलो."

"आणि स्वतःच्या सुनेला त्याच गाडीनं पाठवत राहिलात?"

"व्हय. पाठवत राहिलो."

वकील न्यायाधीशांकडे वळून किंचित हसला. "मग दोषी नेमकं कोण, परसरामजी?"

परसरामजींनी कठडा धरला. आवाज चढवला नाही. "माहं नाव बी लिवा. मिस्त्रीचं लिवा. ज्यानं अहवाल लिवला त्याचं लिवा, रातोरात मुरूम टाकणाऱ्याचं लिवा. पण ज्यानं ब्रेक नसलेली गाडी पोटासाठी जीव मुठीत धरून चालवली, अन् मरता मरता बी स्टेरिंग डावीकडं दाबत राहिला, त्या एकट्याचं लिवून कागद बंद करू नका. तो आता उठून बोलत नाई म्हणून सगळे त्याच्याच नावावर टाकून राहिले. थूत् अशा कागदावर!"

न्यायाधीशांनी त्यांना समज दिली की शब्द जपून वापरा. परसरामजींनी माफी मागितली. लघुलेखकानं शेवटचे शब्द लिहिले की नाही ते त्यांना दिसलं नाही.

निकाल आणखी आठ महिन्यांनी लागला. इश्वरवर हयगयीचा ठपका ठेवता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. धुरपतेला वाचता येत नव्हतं. निकेशनं ती ओळ तिला दोनदा वाचून दाखवली. केशवरावांना शिक्षा झाली, ते त्याच दिवशी जामिनावर सुटले, वर अपील गेलं आणि ते अपील अजून तिथंच आहे. कोर्टाबाहेर त्यांनी परसरामजींना हात जोडले. "तब्येत सांभाळा," म्हणाले. परसरामजींनी हात जोडले नाहीत. एवढंच त्यांना त्या दिवशी करता आलं.

रत्नमाला सुगतकडे पुण्याला गेली. तिथं तिला एका दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर काम मिळालं, आणि ती डाव्या हातानं लिहायला शिकली. परसरामजींनाही ती बोलावत होती. ते गेले नाहीत.

त्याच उन्हाळ्यात हिरडाटोली रस्त्याच्या दुरुस्तीचं काम निघालं. परसरामजी पाहायला गेले. पुलाजवळ डांबर शिजत होतं, काळा धूर मोहाच्या झाडावर जात होता. त्यांनी ट्रॅक्टरवरचं नाव वाचलं. ठेकेदार तोच होता. गरम डांबराचा थर टाकल्या टाकल्या एका मजुराच्या चपलेला चिकटून वर आला आणि खाली कोरडी माती दिसली.

"काय पाहून राहिले काकाजी?" मुकादमानं विचारलं. "मस्त होऊन राहिला ना रस्ता?"

परसरामजींच्या तोंडात पुन्हा ते कडू पाणी जमा झालं. ते बाजूच्या गवतात थुंकले, खांद्यावरच्या पिशवीतून कागद आणि पेन काढलं आणि रस्त्याच्या कडेला बसून तारीख घातली.